वाळवंटाचं चित्र आणि फ्रेमवाले काका

ते प्रकरण मी विसरलेलो नाही आणि विसरायचंही नाही. माझ्या निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधीचं आहे.

बदलापूरच्या कात्रपमध्ये राहणारे, कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात आले. नोकरीची उमेदीची वर्षं राजस्थानात गेलेली, म्हणून त्यांनी हौसेने वाळवंटाच्या एका चित्राची उंची प्रिंट विकत घेतली होती. खाली पांढऱ्या कडेवर चित्रकाराची पेन्सिलने केलेली सही आणि प्रतीचा क्रमांक. उल्हासनगरातच कॅम्प एकमधल्या फ्रेमच्या दुकानातून ती फ्रेम होऊन आली, तेव्हा सही गायब.

"साहेब, अस्सल ठेवून घेतली आणि नकली माझ्या गळ्यात मारली!"

त्यातच आमच्या खबऱ्याने कळवलं, त्या दुकानात अगदी तसंच चित्र लटकतंय. झालं, माझ्या लेखी केस सुटली.

फ्रेमवाले सत्तरीचे सिंधी काका. त्यांना ठाण्यात बोलावून दोन तास फैलावर घेतलं.

"चित्र बदललं की नाही?"

"नहीं साहेब. कसम से."

"मग दुकानातलं कुठून आलं?"

"मोबाइलवर फोटो काढला, कलर झेरॉक्स मारली. मेरा बाप बोलता था, आपला सिंधचा मुलूख असाच होता. म्हणून लावला."

मला ती शुद्ध थाप वाटली. माझा स्वभाव मुळात तापट. दुकानाला उद्या टाळं लागलं समजा, असंही बोलून गेलो. काका एवढंच म्हणाले, "साहेब, गल्लीत लोक मला चोर बोलतील."

मी ठाणे अंमलदाराला गुन्हा नोंदवायला सांगणार, तेवढ्यात आमच्या हवालदारबाई पुढे आल्या. राहायला अंबरनाथच्या बुवापाड्यात, एरवी कमी बोलणाऱ्या.

"सर, एक विचारू? काका, फ्रेम करताना त्या चित्राला तुम्ही काय काय केलं, ते सांगा ना."

कामाचं विचारल्यावर काका सावरले. "पहिले नाप घेतला. मग सफेद पट्टी कापली. कॅलेंडरच्या फोटोची कापतो ना, तशी. खराब दिसते."

"आणि ती पट्टी?"

"फेकत नाय. फ्रेमच्या मागे चिकटवतो, धूळ आत जात नाय."

तक्रारदारांना फ्रेम घेऊन बोलावलं, दोन पंचांसमोर ती उलटी केली आणि मागची पट्टी हलकेच सोडवली. चिकटवलेल्या बाजूला सही होती, क्रमांक होता. प्रिंटच्या कापलेल्या कडेशी ती तंतोतंत जुळली.

तक्रारदारांनी ती पट्टी हातात घेऊन पाहिली. प्रिंट अस्सल होती, पण कायमची कापली गेली होती. तरी त्यांनी अर्ज मागे घेतला. "नुकसान झालं ते झालं," ते म्हणाले, "पण मी या माणसाला चोर म्हणालो."

चौकशी कशी करायची हे आपल्याला येतं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मी दोन तास माझ्याच उत्तराला होकार मागत होतो. बाईंनी त्या माणसाला त्याचं काम विचारलं. त्यांच्या सेवापुस्तकात मी बक्षिसाची नोंद करून घेतली, पण तेवढ्याने त्यांचे उपकार फिटत नाहीत. त्या गप्प राहिल्या असत्या, तर एका निरपराध म्हाताऱ्याला कोठडीत टाकल्याचं ओझं घेऊन मी घरी गेलो असतो.

सगळ्या स्टाफसमोर उभं राहून मी काकांची माफी मागितली. उभ्या नोकरीत पहिल्यांदाच. काकाच गडबडले. माझी खुर्ची पुढे सरकवून हळूच म्हणाले, "बसून बोला साहेब. तुमचे लोक बघतायत."