डोळा काढलेला बर्नर

आधी कबूल करतो, मी या पानावर आजवर फक्त टवाळी करायला येत होतो. कोणाला घाटात बाई दिसली, कोणाच्या काकांना बांधावरून कोणीतरी हाक मारली... की मी खाली लिहायचो, "वायरिंग चेक करा." दोघातिघांनी मला ब्लॉक केलंय, बरोबर केलंय. माझा धंदा बर्नर दुरुस्तीचा. मीटरवर रीडिंग येतं ते खरं, बाकी सगळं लोकांचं पोट बिघडलेलं — असं माझं मत होतं. आजही जवळपास तेच आहे. एवढी एक गोष्ट सोडून.

ही गोष्ट मी बऱ्याच लग्नांत, पंगतीला बसून, सांगितलेली आहे. लोक हसून हसून ताट सरकवतात. त्या गोष्टीत मी हुशार असतो आणि एक म्हातारा बावळट असतो. ती खोटी आहे. इथे खरी लिहितोय.

रत्नागिरीहून पावसला जाताना, पावसच्या अलीकडे आंब्याचा रस डबाबंद करणारं एक कॅनिंग आहे. नाव सांगत नाही, मालक चांगला माणूस आहे. मे महिन्याचा शेवट, म्हणजे हापूसचा रस काढायची अगदी घाई. शेडमध्ये पिकलेल्या आंब्यांचे क्रेट छपरापर्यंत, वाफेवर चालणाऱ्या मोठ्या कढया, आणि ती वाफ द्यायला मागच्या खोलीत डिझेलवरचा एक छोटा बॉयलर. त्यावर दत्ताराम काका. मुंबईला एका कंपनीत आयुष्यभर बॉयलर चालवून गावी परतलेले, परवानाधारक, कमी बोलणारे. मला मिस्त्री म्हणायचे.

त्या दिवशी दुपारी दोनला फोन आला. "मिस्त्री, बर्नर लाल होतोय. दर दहा मिन्टांनी."

लाल होणं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बर्नरला एक डोळा असतो. बोटाएवढा सेन्सर, तो आत ज्योत पेटलेली आहे का ते बघत बसतो. ज्योत दिसेनाशी झाली की कंट्रोलर काही सेकंदांत डिझेल बंद करतो आणि लाल दिवा लावतो. मग माणसाने येऊन, का विझलं ते बघून, हाताने बटण दाबायचं, तेव्हाच पुन्हा सुरू. हा सगळा थाट एवढ्यासाठी, की ज्योत नसताना डिझेल फवारत राहिलं तर ते तापलेल्या भट्टीत साठतं, आणि मग एकदम पेटतं. दार उडतं. दारासमोर जो असेल तोही.

हे मी इतरांना शिकवतो. पैसे घेऊन शिकवतो.

त्या दिवशी चार वाजता भाट्याला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. मी इस्त्रीचा शर्ट घालूनच कॅनिंगवर गेलो — तिथेच माझी नियत कळावी. शेडमधल्या बायका हात रसाने पिवळे करून नुसत्या बसल्या होत्या. एक म्हणाली, "आला नवरदेव!" सगळ्या हसल्या. मीही हसलो.

काका म्हणाले, "डिझेलात पानी असंल. परवाच्या वळवात ड्रमचं झाकन उघडं व्हतं. आधी तळ बग."

ड्रमचा तळ बघायचा म्हणजे डिझेलने हात माखणार. अंगात पांढरा शर्ट. मी डोळा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. आठ मिनिटांत लाल. पुन्हा पुसला. पुन्हा लाल. मी निदान केलं, "डोळा गेला, काका."

"डोळा गेला का ज्योत जातेय?"

"काका, हे काम मी करतो की तुम्ही?"

नवीन डोळा माझ्या मिरजोळ्याच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉवरमध्ये होता. तिथे जाऊन परत यायचं तर साखरपुडा चुकला असता. म्हणून मी सांगितलं, पुण्याहून मागवावा लागेल. आणि मग तो उद्योग केला, जो आमच्या धंद्यात घाईच्या दिवसांत सगळेच करतात आणि कोणीच केलेला नसतो. डोळा बाहेर काढला. त्याच्या भोकात चिंधी कोंबली. सुरुवातीला कंट्रोलर अंधार आहे ना ते तपासतो, तेवढा वेळ डोळा मुठीत धरला. आत ठिणगी पडल्याचा आवाज आला, की डोळ्यासमोर माझी छोटी टॉर्च धरली. डोळ्याला उजेड दिसला, त्याला वाटलं ज्योत आहे. मग चिकटपट्टीने डोळा टॉर्चला घट्ट गुंडाळून टाकला आणि बर्नरच्या वर ठेवला. बर्नर सुरू. कढयांना वाफ. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

काका त्या गाठोड्याकडे बघत होते. "आता आत बगनार कोन?"

"तुम्ही आहात ना. भट्टीच्या त्या काचेतून ज्योत बघत बसा. दोन डोळे आहेत तुम्हाला, याला तर एकच होता."

हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की भाट्याला पोचेपर्यंत मी ते दोनदा मनात म्हटलं.

अंगठ्या बदलून झाल्या, पेढे वाटून झाले, फोटो सुरू होते, तेव्हा खिशात फोन वाजला. मालकाने बॉयलरच्या पॅनलमध्ये माझ्याकडूनच एक मोडेम बसवून घेतलेला होता. बर्नर बंद पडला की मालकाला आणि मला मेसेज येतो, कारणासकट. मेसेज होता: लॉकआउट, ४.४२. कारण: ज्योत दिसली नाही.

ज्योत दिसली नाही? त्याला ज्योत दिसायचा प्रश्नच नव्हता. तो टॉर्चकडे बघत होता.

मी मांडवाच्या मागे जाऊन काकांना फोन लावला.

"काका, लाल झालाय?"

"झालाय."

"टॉर्च विझली असेल."

"पेटलेली हाय. डोळा तसाच चिकटलेला हाय. मी हात लावलेला नाय."

"मग बटण दाबा."

"नाय दाबनार."

"का?"

"तो बंद झालाय म्हंजे कायतरी बगूनच झाला असंल."

"अहो, तो टॉर्च बघतोय! त्याला दुसरं काय दिसणार?"

"तेच तर मी बोलतंय."

मी चिडलो. मांडवात सगळे फराळाला बसत होते. मी म्हटलं, "मुंबईला बॉयलर चालवत होतात की चहा पाजत होतात साहेबांना? दाबा ते बटण, नाहीतर रस आंबेल आणि मालक तुम्हाला विचारेल."

 काका म्हणाले, "तू ये नि दाब."

मी गेलो. वाटभर शिव्या देत गेलो. मागच्या खोलीत लाल दिवा लागलेला, टॉर्च फकफकीत पेटलेली, चिकटपट्टी मी गुंडाळली तशीच. मी तरातरा गेलो आणि अंगठा बटणावर ठेवला. काकांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"आधी दार उघड. मग दाब, मी नाय आडवनार."

त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी दार उघडलं.

आत, भट्टीच्या तळाला, डिझेल साचलेलं होतं. दोन-तीन तांबे सहज भरले असते. त्यावरून पांढरा धूर हळूहळू वर येत होता आणि त्याच्या वासाने माझे डोळे चुरचुरले. मी ते बटण दाबलं असतं तर ठिणगी पडली असती, आणि माझा पांढरा शर्ट कोणी शोधला असता कोणास ठाऊक. बर्नर लाल झाला नसता तर बटणाचीही गरज नव्हती. आणखी मिनिटभर फवारत राहिला असता तर भट्टीच्या भिंतीच्या धगीनेच ते डिझेल पेटलं असतं.

डिझेल फवारणारं नॉझल काढून बघितलं. जाळीत पाणी आणि गाळ. ज्योत खरंच जात होती, सकाळपासून दर दहा मिनिटांनी. डोळा खरं सांगत होता, आणि मी त्यालाच आंधळा ठरवून काढून टाकला होता. काकांनी ड्रमचा तळ बघ म्हणून सांगितलं होतं.

इथपर्यंत मी मूर्ख ठरतो. मूर्खपणाची मला सवय आहे, त्याचं फार काही वाटत नाही. पुढचं लिहायला मात्र आठवडा लागला.

मेसेज बघून मालक आले. त्यांनी डिझेल बघितलं, मग टॉर्चला गुंडाळलेला डोळा बघितला. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "हे कोणी केलं?"

आणि मी म्हणालो, "मी आत्ता आलो तेव्हा असंच होतं."

कसं बोललो, माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. दहा मिनिटांपूर्वी त्या माणसाने माझं मनगट धरलेलं होतं.

काका म्हणाले, "नाय शेट. हे यानं लावलान. दुपारी."

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, "काका, ऊन लागलंय तुम्हाला." मालकाने इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, काकांच्या तेलकट बनियनकडे बघितलं, आणि शर्टावर विश्वास ठेवला. वर अंगणातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. त्यात चार बेचाळीसला काका बायकांबरोबर टेम्पोतून क्रेट उतरवताना स्पष्ट दिसत होते. जागा सोडली, हा आणखी एक गुन्हा. मालक त्यांना बोलत होते आणि मी मागे उभा राहून त्याच पडद्यावर वेगळंच बघत होतो. बॉयलरच्या खोलीला दार एकच, ते कॅमेऱ्यात पूर्ण दिसतं. पाच-सात मिनिटं आधी काका बाहेर आले. तेव्हापासून लाल होऊन गेल्यावर काका स्वतः परत येईपर्यंत त्या दारातून कोणीही आत गेलं नाही.

म्हणजे डोळ्यासमोर हात कोणी धरला?

तिथे नवे भाग बसवून ते जुनं सगळं मी वर्कशॉपवर आणलं. तोच कंट्रोलर, तोच डोळा, तीच वायर, तीच टॉर्च. आठ दिवस टेबलावर चालवलं. वायर वाकवली, ताणली, डोळा गरम केला, थंड केला, व्होल्टेज खाली-वर केलं. एकदाही लाल झाला नाही. लाइट गेली तरी लाल होत नाही, परत आल्यावर बर्नर आपोआप सुरू होतो. वाफेचं प्रेशर वाढलं असतं तर कारण वेगळं आलं असतं. मोडेममध्ये कारण एकच नोंदलेलं आहे: ज्योत दिसली नाही. डोळा खोलीत, उजेडाला चिकटलेला, चिंधीने बंद केलेल्या भोकापासून हातभर लांब. आणि आतली ज्योत गेली, हे त्याला कळलं.

काकांना पुढच्या हंगामात बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मात्र त्या कॅनिंगवर जात राहिलो, आणि लग्नांतून ती गोष्ट सांगत राहिलो — म्हाताऱ्याने टॉर्च कशी बांधली ते हातवारे करून.

यंदा मार्चमध्ये, हंगामाआधीच्या सर्व्हिसला गेलो होतो. मालक सहज म्हणाले, "दत्तारामनंतर एकही धड माणूस टिकला नाही बघ बॉयलरवर." का कोणास ठाऊक, मी पाना खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मालकांनी पॅनलचं दार लावलं. मग म्हणाले, "दोन हंगाम बसवला मी त्याला घरी. तूच जा बोलवायला."

गेलो. काका ओटीवर काजूच्या बिया निवडत होते. मी उभ्यानेच बोललो, सगळं, चुकलं म्हणालो. त्यांनी निवडणं थांबवलं नाही.

"येईन म्हनून सांग शेटना," ते म्हणाले. "पन त्या बर्नरला तू हात लावायचा नाय. दुसरा मिस्त्री बगायला सांग."

मी हो म्हणालो. निघायला वळलो, पण राहवलं नाही. विचारलं, "काका, एक सांगा. आतातरी. तो लाल कसा झाला?"

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"मना काय इचारतोस? मिस्त्री तू."