शेजारच्या बाईंचा रोजचा आजार

आमच्या शेजारच्या बाईंइतक्या वेळा आजारी पडलेली धडधाकट बाई अख्ख्या मुलुंडमध्ये सापडणार नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सना ऑनलाइन इंग्रजी शिकवायच्या. मुली हुशार, पण माइक सुरू करा म्हटलं की साऱ्यांची वाचा बसायची. मग बाईच पेशंट व्हायच्या. डोक्याला ओढणी बांधून, तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या लॅपटॉपसमोर, कोणीतरी इंग्रजीत विचारपूस करेपर्यंत कण्हत राहायच्या. अभिनय भरपूर, वैद्यकीय ज्ञान बेताचं. पोट दुखतंय म्हणताना हात गुडघ्यावर असायचा. मुलींना त्या राहत्या ठिकाणाच्या नावाने हाक मारत. "खारदांडा, अगं मी मरतेय, विचार काहीतरी. चुकलीस तर चुकलीस, पेशंट व्याकरण तपासत नाही." एकदा वर्ग फारच गप्प राहिला, तेव्हा त्या इतक्या कळवळून कण्हल्या की सोसायटीचे सेक्रेटरी व्हीलचेअर घेऊन वर आले. बाईंनी त्यांच्याकडूनही दोन इंग्रजी वाक्यं वदवून घेतली. पुढे बिल्डिंगला सवय झाली. भिंतीपलीकडून कण्हणं सुरू झालं की मी चहा टाकायचो.

एकटी मरोळ तेवढी बधत नव्हती. चॅटमध्ये झकास लिहायची, माइक मात्र बंद. तिची मुलाखत जवळ आली होती आणि ती नोकरी तिला हवीच होती. तिच्यासाठी बाईंनी दमा घेतला, पाय मोडून घेतला, त्या वयात एक बाळंतपणसुद्धा सोसलं. "एकदा तिचा आवाज ऐकला ना, की सुटले मी," म्हणायच्या.

एका संध्याकाळी बाई नेहमीसारख्या कण्हत होत्या. वर्गातल्या मुली हसतही होत्या म्हणे. आणि भिंतीपलीकडून मला एक अनोळखी आवाज आला. भराभर इंग्रजी प्रश्न. कुठे दुखतंय, हात जड झालाय का, श्वास लागतोय का. मग एकदम मराठीत, "शेजारी कोणी आहे का? हे खोटं नाहीये, लवकर या." माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर बाई टेबलावर कलंडलेल्या, अंगाला घाम. लॅपटॉपमधून ती म्हणाली, "काका, मी मरोळची. त्यांना टेकवून बसवा आणि पत्ता सांगा, मी अँब्युलन्स बोलावते."

बाई वाचल्या. बाईंच्या मुलाने लॅपटॉप उचलून नेला, वर्ग बंद झाला. पुढच्याच आठवड्यात मरोळ मुलाखतीला बसली आणि तिथे तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. बाईंना याचं फार वाईट वाटतं. "अजून थोडे दिवस मिळायला हवे होते रे. आणि बोलली, तेव्हा मला काही कळतच नव्हतं. कसा होता आवाज?" खणखणीत, असं मी दर वेळी सांगतो. तरी त्या पुन्हा विचारतात.

परवा मी बाईंकडे असतानाच मरोळचा फोन आला. बाई स्पीकर लावून म्हणाल्या, "आता तरी इंग्रजीत विचार, मी कशी आहे ते."

पलीकडून ती मराठीतच म्हणाली, "तुम्ही बऱ्या आहात ना बाई, मग नाही येत इंग्रजी."

बाईंनी डोळे मिटून हळूच एकदा कण्हून पाहिलं.

"हे खोटं आहे, बाई. मला कळतं आता."

बाई हसल्या, पण नंतर बराच वेळ फोन हातात धरून बसल्या. हल्ली त्या वेळेला भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नाही, आणि माझा चहा टाकायचा राहून जातो.