गार पाण्याचा पंप

आधीच हात जोडून सांगतो, माझ्या ऱ्हस्वदीर्घाकडे पाहू नका. शाळा मी लवकर सोडली. वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी हे गुरुजींनी शिकवलं असेल, पण मी त्या वेळी खिडकीतून रस्त्यावरच्या मोटारी बघत होतो. शब्दही माझे साधेच आहेत. पण फजिती सांगायला भारी शब्द कशाला लागतात? चहा गरम आहे तोवर वाचून घ्या.

मी तेव्हा गोंदियात एका उस्तादांच्या हाताखाली मोटारीचं काम शिकत होतो. शिकत होतो म्हणजे काय, तर रॉकेलच्या डब्यापाशी बसून नट-बोल्ट धूत होतो. आणि मनातल्या मनात विचारत होतो. हे असं का, ते तसं का, पाणी वर कसं चढतं, पंखा का फिरतो. तोंडानं विचारायची लाज वाटायची म्हणून पुर्जे उचलून डोळ्यापाशी धरायचो. उस्ताद म्हणायचे, "बेटा, पुर्जा है, दुल्हन नहीं. नीचे रख."

एकदा दरेकशाच्या अलीकडच्या एका गावचे पाटील आले. लढाईनंतर लिलावात घेतलेली मिलिटरीची जुनी पिकअप होती त्यांच्याकडे. तिचा पाण्याचा पंप गेला होता. हाच पंप इंजिनात पाणी फिरवतो. तो गळायला लागला की इंजिन तापतं आणि गाडी जागच्या जागी बसते. आणि पाटलांच्या घरी लग्न! डोंगरगडकडचे वऱ्हाडी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दरेकसा स्टेशनावर उतरणार. त्यांना आणायला हीच पिकअप.

उस्तादांना ताप होता. त्यांनी नवा पंप माझ्या मांडीवर ठेवला.

"अकेला जा. गाडी टाइम पे टेसन पहुँची, तो तू मिस्तरी. नहीं पहुँची, तो वापस रॉकेल."

विचार करा! फडक्यात गुंडाळलेल्या त्या पंपाला मी आगगाडीत तान्ह्या पोरासारखं धरून बसलो होतो. समोरच्या बाईंनी विचारलं सुद्धा, "काय आहे रे त्यात?" मी लाजून खिडकीबाहेर बघितलं.

तर पोचलो. मांडव पडलेला, अंगणात बायांची गर्दी, आणि मांडवाशेजारी ती पिकअप उभी. ड्रायव्हर काशीराम चाळिशीचा, मिशीवाला. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "मिस्तरी मांगं येऊन राहिला का?"

"मीच आलो."

"तू?" त्यानं माझ्या पाठीमागे अजून एकदा बघून घेतलं.

पण काम मी बरं केलं हो! आधी रेडिएटरमधलं पाणी सोडलं. पंखा काढला, बेल्ट काढला, जुना पंप उतरवला. नव्या पंपाला मध्ये पुठ्ठ्याचं पॅकिंग लागतं, ते उस्तादांनी कापून दिलंच होतं. बोल्ट आवळले. काशीरामनं विहिरीवरून पाणी आणलं, रेडिएटर भरला. गाडी सुरू केली. भर्र! अख्खा मांडव हलला. थोडा वेळ चालवून बंद केली.

आता उस्तादांची एक शिकवण होती. गाडी बंद केली की लगेच खाली डोकावायचं नाही. हात धुवायचे, दम घ्यायचा, मग येऊन बघायचं. पंप लपून गळत असेल तर तोवर थेंब जमिनीवर येतो. म्हणून मी घरामागच्या विहिरीवर गेलो. साबण नव्हता, राखेनं हात घासले. परत आलो.

टप. टप. टप.

पंपाखालची माती ओली! बोट लावलं, तर... आता हे नीट ऐका. पाणी गार होतं.

इंजिन तापलेलं आणि त्यातून गळणारं पाणी गार? मला भीती वाटायच्या आधी नवलच वाटलं. असं कसं? मी मांडी घालून तिथेच बसलो आणि विचार केला. शेवटी मला उमगलं. नवा पंप इतका चांगला की त्यानं पाणी पार गार करून टाकलं! आणि थोडं लाल दिसतंय, तो आतला जुना गंज. पटलं ना? मला पटलं.

पाटील आले. "काऊन रे बाबू, गळूनच राहिलं का?"

"हो जी. पण गार गळतं."

"मंग?"

"गार गळणं चांगलं असतं," मी म्हणालो. कुठून सुचलं देव जाणे.

पाटलांनी काशीरामकडे पाहिलं. काशीरामनं आभाळाकडे पाहिलं.

पुन्हा पाणी सोडलं, पंप उतरवला. उतरवताना पॅकिंग फाटलं. नवं कापायला पुठ्ठा हवा. नवरीच्या आईकडून साडीचं एक खोकं मागून आणलं. मागून आणलं म्हणजे दाराशी जाऊन नुसता उभा राहिलो. शेवटी त्यांनीच विचारलं. पॅकिंग कापलं, बोल्ट असे आवळले की हाताला फोड आले. काशीरामनं कुरकुरत पाणी भरलं. भर्र! बंद. विहीर. राख. परत.

टप. टप.

तेच गार पाणी, तेच लाल. आणि आता पंपाच्या बोल्टाला काय चिकटलेलं असावं? तांदळाचा दाणा! शेजारी थोडी हळद!

आता माझं डोकं खरं चाललं. गळका रेडिएटर बुजवायला कित्येक ड्रायव्हर आत हळद टाकतात, हे मला ठाऊक होतं. पण तांदूळ? तडक काशीरामसमोर गेलो. जन्मात मी कुणाशी वर मान करून बोललो नव्हतो, त्या दिवशी बोललो.

"काशीरामभाऊ, खरं सांगा. रेडिएटरमध्ये हळद-तांदूळ टाकले होते ना?"

"कायले टाकू बे? खिचडी कराची हाय का मले इंजनात?"

"मग आतून दाणा कसा आला?"

"आतून? तुह्या डोक्यातून आला असंल! पाटील, या पोट्ट्यानं मले चोर ठरवलं. आता मी पाण्याले हात नाही लावत." आणि तो रागानं आंब्याखाली जाऊन पालथा पडला.

दिवस कलायला लागला होता. मी तिसऱ्यांदा पाणी सोडून पंप उतरवला. नवरीच्या आईनं मला येताना पाहूनच दुसरं खोकं बाहेर फेकलं. "घे बापा, साड्या आता फडक्यात बांधतो!" मांडवातल्या बाया हसत होत्या, माझे कान तापले होते. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, रॉकेलचा डबा.

पंप बसवल्यावर मी ठरवलं, की आता विहिरीवर जायचंच नाही. गाडीखाली उताणं पडायचं, डोळे पंपाला लावायचे, आणि पाणी नेमकं कोणत्या फटीतून येतं ते धरायचं. तसा मी खाली घुसलो. पाटलांनी दटावून काशीरामला गाडीत बसवलं. त्यानं इंजिन सुरू केलं, जरा चालवलं, बंद केलं.

मी श्वास रोखून वर बघतोय. थेंब नाही. पंप कोरडा! जिंकलो म्हणायला तोंड उघडलं...

आणि वरून भसकन पाणी आलं. तोंडात, नाकात, डोळ्यांत. मागोमाग तांदूळ!

"फुटला! पंप फुटला!" मी खालून बोंबललो आणि उठताना डोकं आपटलं.

समोरून एका म्हातारीची किंकाळी आली. "अगे बाई, गाडी बोलून राहिली!"

बाहेर आलो. गाडीच्या तोंडाशी पाटलांची आई, हातात रिकामा तांब्या, ताटात हळद-कुंकू आणि तांदूळ. त्या घरची रीतच होती. शुभकार्याला बैलबंडी निघो की मोटार, तिच्या तोंडावरून पाणी ओवाळून ओतायचं, कुंकू लावायचं, तांदूळ टाकायचे. आजी बसायची माजघरात. भर्र ऐकलं की तिला वाटायचं, निघाली गाडी वऱ्हाड्यांना आणायला! ती तांब्या घेऊन बाहेर यायची, तोवर मी विहिरीवर. पाणी गाडीच्या तोंडावरच्या जाळीतून आत, पंखा, पंप, बोल्ट यांवरून निथळत खाली.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" मी रडकुंडीला आलो.

पाटील म्हणाले, "त्यात सांगाचं काय? बुढी पाणी टाकते, हे तर लेकराले बी मालूम हाय."

आजी म्हणाली, "मी तर म्हणलं, गाडी निंगते आन् माघारी येते, निंगते आन् माघारी येते, नक्की दिष्ट लागली! म्हणून या खेपेले भरून आणलं."

मांडव इतका हसला की वाजंत्रीवाल्यांचा चहा सांडला. मी न जेवताच मांडवाच्या कोपऱ्यात तोंड झाकून पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. पाटील फेट्यात, काशीराम गाडीत, आजी तांब्यासह. मला वाटलं, कालची लाज धुवायची हीच वेळ आहे. मी पुढे होऊन जरा ऐटीत म्हणालो, "थांबा आजी, निघायच्या आधी मिस्तरी रेडिएटर तपासतो." झाकण उघडलं. आत डोकावलो.

खडखडीत कोरडा! थेंब नाही! काशीराम रागावून झोपला होता, आणि तिसऱ्या वेळी पाणी भरायचं कुणी? मी पंपाच्या नादात विसरलो होतो.

काशीराम खाली उतरला, आत डोकावला, मिशीवरून हात फिरवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मिस्तरी, मंग काल सांजेले तू गाडीखाली घुसून कोणतं पाणी गळाची वाट पाहून राहिला होतास?"

मी बादली उचलली आणि विहिरीवर पळालो. सगळं गाव बघत असताना माझ्या हातानं रेडिएटर गळ्यापर्यंत भरला. गाडी सुरू केली. पंप कोरडा ठणठणीत, थेंब नाही.

आजी तांब्या घेऊन पुढे आली. गाडीसमोर थांबली, विचार केला, आणि वळून तांब्या माझ्यावरून ओवाळला.

"दिष्ट गाडीले नाही," ती म्हणाली, "याले लागली हाय." आणि माझ्या कपाळाला बोटभर कुंकू फासलं.

गाडी वेळेवर पोचली बरं का. म्हणजे झालो मी मिस्तरी! स्टेशनावर नवरदेवाच्या मामांनी विचारलं, "गाडी तर झकास चालते. मिस्तरी कोण?"

काशीरामनं माझ्या कपाळाकडे बोट केलं. "हा. याले बी पूजा करूनच आणलं हाय."