मंडळाची निम्मी फी

मुलीला परीक्षेच्या दारातून परत पाठवलं तेव्हा मी तिथेच उभी होते. बाकीची पोरं पॅड-पेन घेऊन आत गेली. हिच्याकडे हॉल तिकीट नव्हतं. कॉलेजने ते अडवून ठेवलं होतं, कारण वर्षाची निम्मी फी यायची राहिली होती. निम्मी आम्ही भरली होती. उरलेली आमच्या गावाचं मुंबईतलं मंडळ भरणार होतं, आणि मंडळाने ती भरली नव्हती.

माझे मालक, म्हणजे तिचे वडील, ऑफिसच्या खिडकीशी टोपी हातात धरून उभे होते.

"साहेब, चेक निघालाय. मंडळाचा शब्द हाय."

"काका, महिनाभर तुम्ही हेच सांगताय," खिडकीतला क्लार्क म्हणाला. "शब्द मी कुठल्या रजिस्टरला चढवू?"

"पोरीला पेपर तरी लिवू द्या. मी हितंच बसतो. चेक आल्याबिगर उठत नाय."

"माझ्या हातात असतं तर दिलं असतं हो. वरून सांगितलंय, फी नाही तर तिकीट नाही."

मी गळ्यातली बोरमाळ काढून खिडकीत ठेवली. तो म्हणाला, "मावशी, हे कॉलेज आहे, सोनाराची पेढी नाही. उचला ते." त्याचं बरोबर होतं. मी उचलली.

घंटा झाली. दार लागलं. मुलगी पायरीवर बसली होती, रडत नव्हती. पेनाला टोपण लावून तिने ते पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "आई, चला. आता निघालो तर दुपारची एस्टी मिळेल."

असं का झालं ते सांगते.

मुलगी बारावी सायन्स झाली ती महाडला, माझ्या बहिणीकडे राहून. मार्क चांगले पडले. तिला औषधांचं शिकायचं होतं, फार्मसीची डिग्री, चार वर्षांची. पोलादपुरात स्वतःचं मेडिकल टाकायचं हे तिने दहावीतच ठरवलं होतं. आमचं गाव डोंगरात. साध्या तापाच्या गोळीला खाली पोलादपूरला उतरावं लागायचं, आणि खाली आलं की दुकानदार म्हणायचा, माल संपलाय, उद्या या. हे तिने लहानपणापासून बघितलं होतं.

सरकारी कॉलेजात नंबर थोडक्यात हुकला. राहिली खाजगी. दोन ठिकाणी नाव लागलं. एक घाटावर, भोरच्या पुढे. तिथल्या संस्थेने सांगितलं, खेड्यातली मुलगी आहे, मार्क आहेत, चारी वर्षांची फी माफ, हॉस्टेलची खोली फुकट, जेवणाचं तेवढं तुमचं. अट एकच, दरवर्षी सगळे विषय सुटले पाहिजेत. दुसरं कॉलेज मुंबईच्या वाटेवर, नवीन निघालेलं. तिथे माफी-बिफी काही नव्हती. पण मंडळाने कळवलं की गावातली पहिली मुलगी डिग्रीला जाते आहे, ती इकडे आली तर निम्मी फी आमची.

मुलीने ओसरीवर वडिलांना विचारलं, "बाबा, घाटावरचे सगळी सोडतायत. मंडळ निम्मी देतंय. यात विचार कसला करायचा?"

"सोडतायत ते कोण? ना वळखीचे ना पाळखीचे. उद्या नाय म्हटलं तर कुणाच्या दारात जाऊ मी?"

"लिहून दिलंय त्यांनी."

"लिवलेलं ऱ्हातंय कागदावर. मंडळ म्हंजे आपली माणसं हायत गो. नाय दिलं तर देवळात उभं करून विचारीन."

"घाटावर पैसे तरी लागणार नाहीत."

"आणि नापास झालीस तर?"

"मी कधी झालेय नापास?"

मग म्हणाले, पावसात वरंधचा घाट बंद पडतो, तू आजारी पडलीस तर तुझी आई उडत येईल काय.

घाट हे निमित्त होतं. आमच्याकडे असं मानतात की परक्याने दिलं तर ते दान आणि गावाने दिलं तर तो हक्क. दान घेतलं की मान खाली जाते. घाटावरचं कॉलेज फी माफ करतंय हे कळल्यावर शेजारीण मला विहिरीवर म्हणाली, "पोरगी धर्मशाळेत ठेवताव काय गो? घरात भात नाय काय?" ते मालकांच्या कानावर गेलं. मला त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते आता सांगून उपयोग नाही.

मंडळाचे अध्यक्ष आणि खजिनदार मुद्दाम मुंबईहून आले. देवीपुढे नारळ ठेवला. गावाचं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं, देवीला घालायचा मान आमच्या घराण्याकडे, म्हणून ते मालकांनीच घातलं. पोरगी शिकून गावाच्या उपयोगी पडू दे, मंडळाची भरभराट होऊ दे, वगैरे. मग मालकांनी तो नारळ उचलला. नारळ उचलला म्हणजे दिलेलं घेतलं, आता दुसरीकडे बघायचं नाही. घाटावर कळवायला अजून मुदत होती. मुलीने तसं सांगितलं. मालक म्हणाले, "नारळ उचलून झालाय." आणि आम्ही इकडचं कॉलेज घेतलं. आमच्या निम्म्या फीसाठी मागच्या बांधावरचे साग तोडले.

शिकायला ती चांगलीच होती. सहामाहीला वर्गात वरच्या नंबरात आली. मंडळाचे पैसे शिमग्याच्या वर्गणीतून यायचे होते, म्हणून कॉलेजनेही तोवर थांबायचं कबूल केलं होतं.

आमच्या गावाच्या दोन वाड्या, वरची आणि खालची. शिमग्यात देवीची पालखी घरोघर जाते, ती आधी वरच्या वाडीत. त्यावर कधी कोणी बोललं नव्हतं. त्या वर्षी खालच्या वाडीतल्या मुंबईकरांनी देवळाला नवा कळस बसवून दिला होता. ते म्हणाले, यंदा पालखी आधी आमच्याकडे. वरचे म्हणाले, "कळस बसवलाव, देवी इकत नाय घेतलाव." पालखी जमिनीला टेकवायची नसते. दोन वाड्यांच्या मधल्या वाटेवर ती पोरांच्या खांद्यावर तशीच उभी राहिली, ऊन डोक्यावर येईपर्यंत. दमलेली पोरं बाजूला व्हायची, दुसरी खांदा द्यायची, आणि शिव्या चालूच. शेवटी ती कुणाच्याच घरी न जाता देवळात परत गेली. बायका आरत्या घेऊन दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

अध्यक्ष वरच्या वाडीचे, खजिनदार खालच्या. मंडळाचे पैसे बँकेतून काढायला दोघांच्या सह्या लागायच्या. पालखीनंतर एकाने सही केलेल्या चेकवर दुसरा सही करेना. मालक वाण्याच्या दुकानातून फोन करायचे. अध्यक्ष सांगायचे, मी तयार आहे, त्याला विचारा. खजिनदार सांगायचे, माझं काय नाय, त्यांना विचारा. मुलीच्या फीवर कोणाचाच राग नव्हता. दोघांनाही ती भरायची होती. दुसऱ्याच्या नावाखाली आपलं नाव तेवढं नको होतं.

परीक्षा जवळ आली तेव्हा अध्यक्ष स्वतः घरी आले. चहा प्यायले आणि मालकांना म्हणाले, "तुम्ही गावकीच्या बैठकीत यवढंच बोला, की पहिला मान वरच्या वाडीचा. मी उद्या खिशातनं फी भरतो. बँकेचं बँकेत ऱ्हाऊ दे." दोन दिवसांनी खजिनदारांचा भाऊ आला. त्याने खालच्या वाडीसाठी तेच मागितलं आणि तेच देऊ केलं.

मी मालकांना म्हटलं, "कुणाचंतरी ऐका. पोरीचं वर्ष हाय."

"गाऱ्हाणं मी दोन्ही वाड्यांचं घालतो. एकीचा झालो तर देवीपुढं कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

"मग देवीला सांगा फी भरायला."

ते उठून गोठ्यात गेले.

जमीन विकता येत नव्हती. सातबारा सामाईक, आणि सह्या करणारे भाऊबंद दोन्ही वाड्यांत वाटलेले. मी बोरमाळ मोडायला महाडला निघाले, तर ते वाटेत आडवे आले. म्हणाले, मंडळाने नारळ देऊन शब्द दिलेला असताना तू दागिना मोडलास तर गावाचं नाक कापल्यासारखं होईल, चेक येतोय. मी परत फिरले. चेक येतोय हे ते दुसऱ्यांना फसवायला सांगत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. क्लार्कलाही ते तसंच सांगत राहिले, शेवटच्या सकाळपर्यंत.

कॉलेजहून आम्ही दुपारच्या एस्टीने परतलो. महाड स्टँडवर उतरल्यावर मुलगी वडिलांना म्हणाली, "बाबा, घाटावर चारी वर्षं फुकट होती." एवढंच बोलली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, त्यांना उलट बोलायला तरी मिळालं असतं.

पावसाळ्याच्या तोंडावर ती माझ्या बहिणीला घेऊन घाटावरच्या कॉलेजात गेली. त्यांनी नीट बसवून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं की माफी नव्याने येणाऱ्या मुलींना असते, दुसरीकडे नाव घातलेल्या मुलीला देता येत नाही. येताना वरंधला गाडी थांबली तेव्हा तिने वडापाव खाल्ला, असं बहिणीने सांगितलं. भूक लागली होती म्हणाली.

मग मी बोरमाळ मोडली. कॉलेजची बाकी भरून टाकली. कॉलेजवाले म्हणाले, पुढच्या वर्षी परीक्षेला बसू देऊ तिला, पण पुढच्या वर्षांची फी लागेलच. ती कुठून आणायची? मंडळ फुटून दोन मंडळं झाली होती आणि बँकेतले पैसे कोर्टात अडकले होते. मुलगीच म्हणाली, "मला त्या पायरीवर परत बसायचं नाय." मी तिला जबरदस्ती केली नाही.

ती महाडला एका मेडिकलमध्ये कामाला लागली. दुकानाच्या पाटीवर नाव दुसऱ्याचं, भिंतीवर लायसन दुसऱ्याचं. गिऱ्हाइकाला ती गोळ्या काढून देते, कधी घ्यायच्या ते सांगते. तीन वर्षांनी महाडजवळच तुडीलला लग्न झालं. जावई एमआयडीसीत आहे, माणूस बरा आहे.

मालकांनी गाऱ्हाणं घालायचं सोडलं. चुलत पुतण्याला सांगितलं, तू घाल. कोणी विचारलं तर म्हणायचे, घसा बसलाय. एरवी बोलायला त्यांचा घसा ठणठणीत होता. शेतावर जायचे, बैलांवर ओरडायचे. मुलगी माहेरी आली की मात्र काही काम काढून बाहेर जायचे आणि ती निघायच्या वेळी परत यायचे. ती पाया पडायची. ते म्हणायचे, "नीट जा." एकदा मी सांगितलं, तिच्याशी चार शब्द बोला. तर म्हणाले, "कुठले बोलू, तू सांग."

भात झोडताना त्यांच्या छातीत कळ आली. महाडला नेईपर्यंत गाडीतच संपलं. मयताला दोन्ही वाड्या आल्या, वरची एका अंगाला आणि खालची दुसऱ्या अंगाला उभी राहिली. मुलगी पोहोचेपर्यंत उचलायचं नाही असं मी सांगितलं होतं, ते मात्र दोन्ही वाड्यांनी ऐकलं. ती आली, त्यांच्या पायाशी बसली. तेव्हा ती रडली.

तेराव्याला अध्यक्ष आले, आणि ते गेल्यावर खजिनदार आले. दोघांनी वेगवेगळं येऊन मला एकच सांगितलं, की मी तेव्हा सही करायला तयार होतो. मी दोघांना चहा दिला.

मालक गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगी तुडीलला आहे, अजून त्याच दुकानात जाते. मी गावात आहे. आम्ही दोघी राहिलो.