मुलीच्या डोक्याचा कागद

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, तेलुगू मुलखातल्या भीमपूरकडच्या आमच्या मराठी गावात मी पोरीला हट्टानं तेलुगू शाळेत घातलं. मला तेलुगू येत नाही म्हणून कचेरीतला कारकून तासन्‌तास दारात उभं करायचा आणि मी धुमसत घरी यायचो. तिच्यावर ती वेळ येऊ नये एवढंच मनात होतं. राग मात्र सगळा तिच्यावरच निघाला.

रोज संध्याकाळी तिला समोर बसवून तेलुगू अक्षरं म्हणायला लावायचो. एका दमात, जोरात, भराभर. मधेच ती गप्प व्हायची. डोळे माझ्यावरच, तोंडातून शब्द नाही. आठ वर्षांची पोर मला जुमानत नाही म्हटल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात जायची. आधी थप्पड, मग कापसाच्या पऱ्हाटीची काडी. एक मोडली की दुसरी. पाठीवर वळ उठायचे. भानावर येऊन ती रडत पुढचं अक्षर म्हणायची, आणि मला वाटायचं, बघा, मारलं की येतं.

एका सकाळी भाकर उलटताना तिचा हात तव्यावर टेकला आणि तिथेच राहिला. कातडी भाजल्याचा वास आला तरी तिनं तो काढला नाही. बायकोनं ओढला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरगी त्या येळी इथं नसतेच. काऊन मारून राह्यले तुमी तिले?"

नागपूरच्या दवाखान्यात तिच्या डोक्याला तारा चिकटवल्या. यंत्रातून कागद सरकत होता, सुया त्यावर बारीक रेघा ओढत होत्या. डॉक्टरांनी तिला भराभर, जोरात श्वास घ्यायला लावला. थोड्या वेळानं सगळ्या सुया एकाच तालात उसळल्या, कागदभर उंच टोकं उमटली, आणि पोरगी गप्प, डोळे उघडे. वाढत्या मेंदूतली वीज अशी एकदम उसळते, डॉक्टर म्हणाले. तेवढा वेळ तिला काही कळत नाही, औषधानं थांबेल, पण धाप लागली की हे लवकर येतं. एका दमात म्हणायला लावून ते मीच आणत होतो आणि त्यासाठी मीच तिला झोडपत होतो. माझी मलाच किळस आली.

रेघा पुन्हा बारीक झाल्या. तिनं पापण्या मिटून उघडल्या. तिच्या कपाळावर हात ठेवायला मी वाकलो, तशी तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून अंग चोरलं. सुया सैरावैरा धावल्या, कागद काळा झाला.

पुन्हा फीट आली का, मी घाबरून विचारलं.

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "आता ती पूर्ण शुद्धीवर आहे."