पांढरी चकती

अंधेरीतल्या ज्या ऑफिसात मी नोकरी करत होते, तिथे लोकांना प्रश्न विचारणं हाच आमचा धंदा होता. त्या वर्षी एका परदेशी कंपनीला इथे वेफर्सचा कारखाना काढायचा होता. त्याआधी इथे कोण कुठला बटाटा घेतं, कुणाकडून आणि का, हे त्यांना हवं होतं. कंपनीचं नाव आम्हालाही सांगितलं नव्हतं. मला तेव्हा त्याची गंमतच वाटली.

बोरीवलीतल्या सोसायट्यांमधल्या बायका मला दारातूनच वाटेला लावायच्या. फॉर्म कमी पडायला लागले, तशी मी वाकोल्याला आत्याकडे गेले. आत्या उपवासाचे वेफर्स करून विकायची. होळी झाली की वाळवणाला बिल्डिंगची गच्ची तिचीच. काका गेल्यापासून तिचं घर त्यावरच चालत होतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

"विचार गो, काय व्हया ता विचार," म्हणत तिने कढई चढवली.

बटाटा कसा पारखता, या प्रश्नाला बाकीच्यांनी 'बघून' एवढंच उत्तर दिलं होतं. आत्याने करूनच दाखवलं. गोणी घेण्याआधी ती वखारीतून त्यातला एक बटाटा घरी आणायची आणि त्याची चकती तळायची. कोल्ड स्टोरेजमधला बटाटा गोड होतो, तळला की काळपट पडतो. चकती पांढरी राहिली तरच गोणी घ्यायची. तसा बटाटा कुठून येतो आणि कुठल्या एकाच वखारीत मिळतो, हेही तिने सांगितलं. माझ्या आईने कितीदा विचारलं तरी तिने ते कधी सांगितलं नव्हतं. भाचीच्या नोकरीचा प्रश्न म्हणून मला सांगितलं. मी सगळं लिहून घेतलं, वखारीच्या पत्त्यासकट.

फॉर्म वाचून आमचे साहेब जाम खूश. आठवड्याने मी त्या कंपनीच्या परदेशी पाहुण्याला घेऊन पुन्हा आत्याच्या दारात. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. पाहुण्याने बशीभर वेफर्स खाल्ले, आणखी मागून घेतले आणि मग तो वखार बघायची म्हणाला. आत्याच पुढे झाली. "शेठ, हे आमच्या पोरीचे साहेब," तिने वखारवाल्याला सांगितलं. "नीट दाखवा हां सगळं."

पाहुण्याने एक बटाटा नखाने खरवडला, खिशात टाकला आणि मला एकच प्रश्न मराठीत विचारायला लावला. सगळा माल हवा असेल तर किती दिवस आधी सांगावं लागेल? त्या 'सगळा'चा अर्थ मला लगेच कळला. आत्या शेजारी उभी राहून कौतुकाने माझ्याकडे बघत होती. मी भित्री, नोकरीला चिकटलेली. प्रश्न नीट विचारला आणि शेठचं उत्तर नीट सांगितलं.

पुढच्या होळीनंतर आत्याचा फोन आला. वखारीत तिच्या बटाट्याची एकही गोणी नव्हती. दुसरीकडचा आणून पाहिला, तर चकती काळी.

"खंयच्यातरी फॉरेनच्या कंपनीन सगळो माल घेतल्यान म्हणे," ती म्हणाली. "तुझो तो सायब मोठो माणूस. माझे वेफर्स खाल्ल्यान ना? त्याका सांग, माका दोन गोणी तरी मिळवन दी." मग म्हणाली, "आणि गेल्या वर्षाचो शेवटचो डबो तुझ्यासाठी ठेवलंय. येवन घेवन जा."

मी हो म्हणाले. त्यानंतर मी वाकोल्याला गेलेले नाही.