मंडळी बदलल्याचं पत्र

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी ज्यांचं दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर बिशपच्या हातून होणारा कन्फर्मेशनचा विधी, झालेलं नाही, ते छातीवर दोन्ही हातांची फुली करून पुढे जातात. म्हणजे भाकर द्यायची नाही, फक्त डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, हे पाळकांना कळतं. अशा लोकांमध्ये बहुतेक लहान मुलं असतात. मी वीस वर्षांची आहे. आठ वर्षं मी असेच हात बांधून पुढे गेले, आणि गेल्या वर्षी तर माझ्या पुढे उभी असलेली एक छोटी मुलगी मागे वळून मला इंग्रजीत म्हणाली, "तू अजून मोठी नाही झालीस?" तिच्या आईने तिला गप्प केलं. मी हसले. पण त्या दिवशी चहाला न थांबता मी बस स्टॉपवर जाऊन उभी राहिले.

आम्ही नगर जिल्ह्यातले. आमचं गावचं देऊळ, म्हणजे चर्च, इंग्लिश मिशनरी साहेबाने बांधलेलं, आणि पलीकडच्या गावचं अमेरिकन साहेबाने. आता सगळ्यांचं मिळून एकच चर्च झालं असलं, तरी म्हातारी माणसं अजून सोयरीक जुळवताना "तुम्ही कुठल्या साहेबाचे?" असं विचारतात. इथे कुवेतमध्ये आम्ही जातो ते चर्च आमच्याच, म्हणजे इंग्लिश साहेबाच्या परंपरेतलं. एक अमेरिकन जोडपं येतं, ते त्याला त्यांच्याकडच्या नावाने एपिस्कोपल म्हणतं. उपासनेचा क्रम तोच आहे, कुठे उठायचं, कुठे गुडघे टेकायचे ते अंगाला ठाऊक आहे. फक्त इथे सगळं इंग्रजीत, आणि रविवारऐवजी शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारी असते.

उपासना संपली की अंगणातल्या शेडखाली चहा असतो. तिथे मंडळी आपोआप भाषांप्रमाणे उभी राहते. तमिळ एकीकडे, मल्याळी दुसरीकडे, उर्दू बोलणारे पाकिस्तानी कोपऱ्यात, फिलिपिनो बाया पायऱ्यांवर. त्यांचे प्रार्थनागट वेगळे, सहली वेगळ्या, नाताळची गाणी वेगळी. मराठी घर आमचं एकटंच. इथे मराठी माणसं पुष्कळ आहेत, बँकेत, आयटीत, आणि रत्नागिरीकडची दुकानांत. पण ती आमच्या चर्चला कशाला येतील? मम्मी इथे होती तोवर आम्ही चौघं मिळून एक छोटा घोळका व्हायचो. दोन वर्षांपूर्वी ती धाकट्या भावाच्या अकरावी-बारावीसाठी त्याला घेऊन नगरला राहायला गेली. पप्पांची अर्दियाच्या गोदामात महिन्यातले दोन शुक्रवार ड्युटी असते. त्या शुक्रवारी मी कागदी कप हातात घेऊन नोटीस बोर्ड वाचते. त्या बोर्डावरचं मला जवळजवळ सगळं पाठ आहे.

असंच वाचताना दृढीकरणाच्या वर्गाची सूचना दिसली. बिशप वर्षातून एकदाच येतात. ज्यांना त्यांच्या हातून दृढीकरण करून घ्यायचं आहे त्यांनी ऑफिसात नाव द्यावं, असं लिहिलं होतं. मी लगेच गेले नाही. तीन शुक्रवार गेले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे फॉर्म भरायची मला सवय आहे, पण प्रत्येक फॉर्म मी आधी शेवटपर्यंत वाचून बघते. कुठेतरी अशी एक ओळ असते, जिचं उत्तर आमच्या घरात कुणालाच ठाऊक नसतं.

ऑफिसात केरळच्या एक बाई बसतात. त्या माझ्याशी हिंदीत बोलतात.

"बाप्तिस्मा का सर्टिफिकेट है?"

"आहे. म्हणजे, हाँ, है."

"और ट्रान्सफर लेटर? पुराने चर्च का?" त्यांनी रजिस्टर उलटंसुलटं चाळलं. "अरे बेटा, तुम लोग तो मेंबर ही नहीं हो! आठ साल से आ रहे हो ना? मैं तो समझी थी..."

त्या हसल्या, पण मला वाईट वाटेल असं नाही. आठ वर्षं आम्ही पाहुण्यांच्या वहीत सही करत होतो आणि त्यांनी कधी ती वही उघडून पाहिली नव्हती, एवढंच.

पत्राचं मला माहीत होतं. गाव सोडताना जुने पाळक प्रत्येक घराला मंडळी बदलल्याचं पत्र देतात. अमुक कुटुंब आमच्या मंडळीत चांगल्या साक्षीने होतं, ते आपल्याकडे येत आहे, त्यांना सामावून घ्यावं, अशा अर्थाचं. खाली कुटुंबातल्या सगळ्यांची नावं. आमचं पत्र इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, कागदांच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये होतं, सगळ्यात तळाशी. मी ते मागितलं तेव्हा पप्पा भाजी चिरत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"झेरॉक्स दे," ते म्हणाले.

"त्यांना ओरिजिनल लागतं, पप्पा."

"लागू दे. ओरिजिनल दिलं की आपलं नाव इकडं आलं. मग गावाकडचं नाव कटलं ना? एका माणसाचं नाव दोन चर्चमध्ये नसतं."

"मग काय झालं?"

"काय झालं म्हणजे? कबरस्थानात जागा कोण देणार, तुझं कॉलेज?"

हे ते हसत म्हणाले. पण मला ठाऊक होतं की यात त्यांचं हसणं वरवरचं आहे. गावाच्या कबरस्थानात आजी-आजोबांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्या पलीकडे एका माणसाला पुरेल इतकी जागा आहे. सुट्टीला गेलं की पप्पा पहिल्याच दिवशी चुना कालवून दोन्ही कबरी पांढऱ्या करतात आणि त्या रिकाम्या जागेवरचं गवतही काढतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "सीट धरून ठेवलीय." दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो, म्हणून पत्र दिलं नाही, असं ते सांगतात. मग आणखी दोन वर्षं. पत्र आपल्याकडे आहे तोवर आपण गावचेच, असा त्यांचा हिशेब होता, आणि मलाही तो बरोबर वाटत होता.

झेरॉक्स घेऊन मी गेले. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, वर्गाला ये, पण निदान तिकडच्या पाळकांकडून एक ओळ लिहून आण. म्हणून मी गावच्या पाळकांना फोन केला. जुने पाळक निवृत्त झाले, आता तरुण आहेत. मी ओळख सांगितल्यावर ते म्हणाले, "हां हां, ताई, तुमचे काका सुगीच्या सणाला कुवेतवाल्यांकडून म्हणून अर्पणाला कोंबडा आणतात ना दरवर्षी? थांबा, रजिस्टर काढतो."

पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. कुठेतरी शाळेची घंटा झाली. मग ते थोडे अडखळले.

"ताई, सापडलं. पण नावांवर रेघ आहे."

"कसली रेघ?"

"बदली झाल्याची. पत्र दिलं त्याच तारखेला मारलेली आहे. पत्र देतानाच नाव कमी करतात, ताई. तुम्ही तिकडं दाखल झाला असाल ना?"

मी हो म्हणाले. का म्हणाले, मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित एका अनोळखी माणसाला आम्ही कुठेच नाही हे सांगायची लाज वाटली. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, परत आलो तर नाव चढतं का? ते म्हणाले, चढतं, काही महिने येऊन राहावं लागतं, उपासनेला यावं लागतं, मग कमिटी ठरवते. आणि कबरस्थान? जागा फार कमी राहिलीय, ते म्हणाले, कमिटी आता यादी बघूनच देते. "पण तुम्ही कशाला काळजी करता, घरचीच माणसं आहात."

आठ वर्षं आम्ही तिथले नव्हतो आणि इथलेही नव्हतो. पप्पांनी ते पत्र इतकं जपलं होतं, आणि ते जपण्यामुळेच असं झालं होतं.

मी पप्पांना दोन आठवडे काही सांगितलं नाही. वर्गाला मात्र जात राहिले. वर्गात आम्ही पाच जण होतो. बाकीचे चौघे शाळेतली मुलं. पाळक आफ्रिकेतल्या एका देशातून आलेले, सावकाश बोलणारे. एकदा त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्यासाठी चर्च म्हणजे कोण? मुलांनी आजी, मामा, अशी नावं सांगितली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मला विचार करायला वेळ हवा." ते म्हणाले, "घे." परतीच्या बसमध्ये सबाह अल-सालेमपर्यंत मी तोच विचार करत होते. पण मला पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर दिसत होती ती एक रेघ, मी न पाहिलेली, आमच्या चौघांच्या नावांवरून गेलेली.

शेवटी एका गुरुवारी दुपारी, पप्पा दुसऱ्या दिवसासाठी बुटांना पॉलिश करत असताना, मी सांगून टाकलं. एका दमात, खाली बघून.

त्यांनी ब्रश थांबवला नाही. एक बूट पूर्ण झाला, मग दुसरा घेतला.

"रेघ लाल का निळी?" त्यांनी विचारलं.

"ते नाही विचारलं मी."

"विचारायचं ना. एवढं शिकते आणि..." ते थांबले. मग म्हणाले, "काकाला काही बोलू नको. त्याचा कोंबडा चालू राहू दे."

नंतर बराच वेळ ते बाल्कनीत उभे होते. मी चहा नेऊन दिला. चहा निवून गेला तरी त्यांनी घेतला नाही. मला वाटलं, मी गप्प राहायला हवं होतं. माझं नाव चढावं म्हणून मी त्यांची जागा काढून घेतली, असं वाटलं. हे तसं बरोबर नाही, नाव तर आधीच गेलेलं होतं. पण वाटलं ते वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची ड्युटी नव्हती. उपासना झाल्यावर ते स्वतःच ऑफिसकडे निघाले. खिशात ओरिजिनल पत्र होतं. पाळक तिथेच होते. पप्पांचं इंग्रजी गोदामापुरतं आहे, म्हणून मी मध्ये उभी राहिले. पाळकांनी पत्र दोन्ही हातांनी घेतलं, मराठी अक्षरांकडे पाहिलं आणि मला त्याचा अर्थ विचारला. मी तो वाचून इंग्रजीत सांगितला. ते म्हणाले, उशीर झाला तर झाला, चौघांनाही आजच नोंदवून घेऊ.

"थांब," पप्पा मला म्हणाले. "आधी विचार, इथं मेलो तर?"

"पप्पा, असं कसं विचारू?"

"विचार. तुझ्या तोंडून नीट इंग्रजीत जाईल."

मी विचारलं. माझा आवाज मला परक्यासारखा वाटला. पाळकांनी पत्र टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, इथे आपलं कबरस्थान आहे, प्रार्थना मी म्हणेन. पण खरं सांगायचं तर बहुतेक घरचे लोक माणसाला घेऊन मायदेशी जातात. मी ते मराठीत सांगितलं.

"मग त्यांना सांग, मी पण घरीच जाणार आहे. जाईन, राहीन काही महिने, कमिटीच्या पाया पडेन. इथं नाव चढवून मग पुन्हा इथलं कापून तिथं न्यायचं, ते नको. माझं आणि तुझ्या मम्मीचं नको. धाकट्याचं त्यानं मोठं होऊन बघावं. तुझं चढव."

"पप्पा, मग तुम्ही तोवर कुठलेच नाही."

"आठ वर्षं नव्हतोच की. काही बिघडलं?"

मी हे सगळं पाळकांना सांगितलं, शेवटचं वाक्य सोडून. ते म्हणाले, यादीत नसले तरी ते इथलेच आहेत, आणि प्रभुभोजन कुणी त्यांना नाकारणार नाही. पप्पांनी मान हलवली, "थँक्यू, फादर, थँक्यू," म्हणाले, आणि हात मागे बांधून उभे राहिले. गोदामात साहेब बोलत असला की ते असेच उभे राहत असावेत.

ऑफिसातल्या बाईंनी नवा फॉर्म काढून दिला. त्यात पहिल्याच ओळीत कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं होतं. मी पेन धरून थांबले. त्यांनी वाकून पाहिलं.

"तुम्हारा ही लिखो, बेटा. और कौन है?"

खाली सदस्यांच्या सहा रिकाम्या ओळी होत्या. मी पप्पांकडे पाहिलं. ते फॉर्मकडेच बघत होते, चष्मा नसल्याने डोळे बारीक करून. इंग्रजीत काय लिहिलं आहे ते त्यांना कितपत कळलं, मला माहीत नाही. मी सांगितलंही नाही. त्यांना वाटलं असेल मी नाव कसं लिहायचं त्या विचारात आहे.

"अक्षर नीट काढ," ते म्हणाले. "कायमचं राहणार आहे."

मी माझं नाव लिहिलं, मग त्यांचं, बापाचं नाव म्हणून, मग आडनाव. सदस्यसंख्येच्या चौकटीत एक लिहिलं. बाईंनी फॉर्म फाइलला लावला. पप्पांनी पत्र परत मागितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की ते आता रेकॉर्डला राहील. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेच मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "हां, बरोबर आहे," आणि चहा घ्यायला म्हणून माझ्यापुढे एकटेच शेडकडे चालू लागले.